नील बेटाची सहल ओहोटी पाहून आखा

माननीय संपादक,

दिवाळी झाली की अंदमान सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत नील बेटाच्या (2018 पासून शहीद द्वीप) वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो. गेल्या डिसेंबरात एका सहल कंपनीबरोबर आम्हीही ते तसंच उरकलं.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने उतरेपर्यंत अकरा वाजले. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट, मग जेवण. लक्ष्मणपूरची दगडी कमान पाहायला पोचलो, तर भरती लागलेली. जायची वाट खडकांवरून, तीच पाण्याखाली! वाटाड्या म्हणाला, ‘ओहोटी सकाळी होती.’ आल्या पावली परत फिरलो.

मी देवगडची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हे वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा. अंदमानासाठी तिथला तक्ता पाहावा लागतो, आणि पर्यटकांकडून पैसे घेऊन कार्यक्रम आखणाऱ्याने तो पाहिलाच पाहिजे. शिवाय घड्याळ आपलंच असलं तरी बेटं खूप पूर्वेला आहेत, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी उतरणाऱ्याच्या हाती उरतं किती?

फेब्रुवारीत आम्ही दोघं आपले आपण गेलो. आधी तक्ता पाहून तारखा धरल्या, मग तिकिटं काढली. नीलवर दोन मुक्काम. सकाळच्या ओहोटीला खडकांतल्या डबक्यांतून वाट काढत कमानीखाली उभे राहिलो. डबक्यात काळी समुद्रकाकडी पडून होती, बोटाएवढे निळे मासे पळत होते. मेंदूसारख्या वळ्यांचं जिवंत प्रवाळ तर पाण्याच्या जेमतेम वीतभर खाली. आणि तिथेच एक गृहस्थ फोटोसाठी त्याच्यावर बूट रोवून उभे! वाटाड्याने हाताला धरून त्यांना खाली उतरवलं. ते वाढायला किती वर्षं लागली असतील, या विचाराने माझ्या पोटात कालवलं.

सहल कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसाची ओहोटीची वेळ छापावी आणि नीलवर निदान एक मुक्काम द्यावा. प्रवाळावर पाय देऊ नये, त्याचा मेलेला तुकडाही उचलून आणायला कायद्याने बंदी आहे, हे निघण्यापूर्वीच सांगावं. आपल्या पर्यटन पुरवणीतही या दोन ओळी याव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, देवगड