कंबरदुखीच्या रुग्णाकडून तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या चिठ्ठीचे ३०० रुपये घेणे बंद करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य योजना विभाग

विषय: योजनेत मोफत असलेल्या तज्ज्ञ सल्ल्यासाठी ‘रेफरल चार्ज’ आकारल्याची तक्रार व रक्कम परत मिळण्याची मागणी

महोदय,

परभणीच्या मोंढ्यातील हमाल-मापाडी सभासदांसाठी आमच्या पतसंस्थेने तुमच्या कंपनीची वार्षिक आरोग्य योजना घेतली आहे. कुटुंबामागे २,४०० रुपये भरलेले आहेत. तुमच्या माहितीपत्रकात छापले आहे की, योजनेतील डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यास तज्ज्ञांचा सल्ला मोफत. प्रत्यक्षात तुमच्या क्लिनिकच्या काउंटरवर त्या चिठ्ठीचेच ३०० रुपये घेतले जातात आणि पावतीवर ‘रेफरल चार्ज’ लिहिले जाते. माहितीपत्रकात हा शब्द कुठेही नाही.

आधी डॉक्टर तपासतील आणि गरज असेल तरच पुढे पाठवतील, या पद्धतीला आमची हरकत नाही. उसण भरली किंवा कंबर धरली की बहुतेकांचे दुखणे साध्या औषधाने आणि हिंडते-फिरते राहिल्याने चार ते सहा आठवड्यांत उतरते. पहिल्याच दिवशी एमआरआय काढायची गरज नसते, आणि हे आम्हीच सभासदांना समजावून सांगतो. कोणी चिठ्ठी न घेता थेट बाहेरच्या तज्ज्ञाकडे गेला, तर ती फी त्याने भरावी, हेही मान्य. पण तुमच्याच डॉक्टरने तपासून “हाडांच्या डॉक्टरला दाखवा” असे सांगितले, तर ते लिहून देणे हा त्याच तपासणीचा भाग झाला. त्याचे वेगळे पैसे कशाचे?

चिठ्ठी एकदाच लागत असती तरी एकवेळ समजले असते. तिची मुदत १५ दिवस. हाडांचे तज्ज्ञ तुमच्या क्लिनिकला येतात महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, त्या महिन्यात चौथ्या शनिवारनंतरची पुढची बैठक २१ दिवसांनी असते. म्हणजे त्या शनिवारनंतर सोमवारी घेतलेली चिठ्ठी तज्ज्ञ येण्याआधीच बाद होते, आणि रुग्णाची काही चूक नसताना पुन्हा ३०० रुपये. तज्ज्ञांनी फिजिओथेरपी सांगितली की परत साध्या डॉक्टरकडे जाऊन तिसरी चिठ्ठी. नस दबल्याची शंका आली आणि न्यूरोसर्जनला दाखवायचे ठरले की चौथी. एका दुखण्याचे १,२०० रुपये झाले, वर्षाच्या वर्गणीच्या निम्मे. न्यूरोसर्जनसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे भाडे आणि बुडालेली हजेरी यात धरलेली नाही.

आता ती चिठ्ठी पाहा. अर्धा कागद, खाली शिक्का, आणि मजकूर तीन शब्दांचा: “कंबरदुखी, ऑर्थोकडे पाठवा.” भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने आजाराचा गोषवारा द्यायचा असतो आणि तज्ज्ञाने आपले मत लेखी कळवायचे असते. हे नियम कंपनीला नसून डॉक्टरांना लागू आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या क्लिनिकात बसतात ते डॉक्टरच आहेत. दुखणे किती दिवसांचे, कळ गुडघ्याखाली जाते का, उताणे झोपवून पाय सरळ उचलल्यावर किती अंशावर चमक निघते, पायाचा अंगठा वर ओढण्याची ताकद दोन्हीकडे सारखी आहे का, कोणती वेदनाशामक गोळी किती दिवस दिली, शुगर, बीपी किंवा किडनीचा त्रास आहे का, आधीचा एक्स-रे कधीचा: एवढे लिहायला पाच मिनिटे पुरतात. ते नसल्यामुळे तज्ज्ञ सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारतात, एक्स-रेही पुन्हा काढायला सांगतात, आणि त्याचाही खर्च रुग्णाच्याच माथी येतो.

पैशापेक्षा आम्हाला काळजी आहे ती उशिराची. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणे ही लक्षणे दिसली तर रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. चालताना चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळतही नाही, म्हणजे पाऊल लुळे पडायला लागले आहे. तिथेही थांबून चालत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन आणि रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा. पन्नास किलोचे कट्टे पाठीवर वाहणारा माणूस आधीच दुखणे अंगावर काढतो. त्यात पुढे जायचे ३०० रुपये म्हटले की तो मेडिकलवरून गोळी घेतो आणि परत कामावर उभा राहतो. या रुग्णांना काउंटरवर अडवणे धोक्याचे आहे, आणि आज तुमच्याकडे तातडीच्या रुग्णासाठी वेगळी सोय नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. वर्गणी भरलेल्या माणसाला तुमच्याकडे त्याहून वाईट वागणूक मिळावी, हे पटत नाही.

आमच्या मागण्या अशा. ‘रेफरल चार्ज’ तात्काळ बंद करून तसे काउंटरवर मराठीत लावावे. योजना सुरू झाल्यापासून घेतलेली रक्कम ज्या-त्या सभासदाच्या खात्यात परत करावी. पावत्यांच्या झेरॉक्स नाव व तारीखवार यादीसह सोबत जोडल्या आहेत. एका दुखण्यासाठी एकच चिठ्ठी ९० दिवस चालावी, आणि फिजिओथेरपी किंवा दुसऱ्या तज्ज्ञासाठी पहिल्या तज्ज्ञाचे लेखी मत पुरेसे धरावे. चिठ्ठीचा छापील नमुना वर सांगितलेल्या मुद्द्यांसह तयार करावा. हवा असल्यास आम्ही मसुदा देऊ. वर लिहिलेल्या तातडीच्या लक्षणांना चिठ्ठीची अटच नसावी. एमआरआयचे पैसे वेगळे पडत असतील, तर दर आधी लेखी सांगावेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे सुनावणी परभणीतच होईल.

आपले,
पतसंस्थेच्या आरोग्य योजना समितीचे सदस्य
मोंढा, परभणी