स्टुटगार्टहून घरी पत्र: नोकरीचं, पाकिटांचं आणि पैशाचं

ती. आई-बाबा,
सा. न.

मी मजेत आहे, तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतंय. आई तू दिलेलं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी अजून पुरवून पुरवून खातेय. तुझी नोकरी टिकेल ना, असं रविवारी फोनवर बाबांनी विचारलं त्याचं उत्तर अर्धवट राहिलं, मग तू फोन घेतलास, मग अभि मध्ये आला आणि मी पण "होईल सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. नंतर मलाच बरं वाटेना. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. अभि, बाबांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, मोबाइलवर वाचलं की त्यांचे डोळे दुखतात.

पहिलं नोकरीचं. बाबा तुम्ही बातम्या वाचता आणि मग रात्री झोपत नाही हे आईने सांगितलंय मला. टीसीएसने २०२५ च्या जुलैत १२ हजारांवर लोक कमी करणार म्हणून सांगितलं, इथे गाड्यांचे पार्ट करणाऱ्या बॉशने सप्टेंबरात आणखी १३ हजार नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, आणि बॉशचं मुख्यालय स्टुटगार्टला लागूनच आहे, हे सगळं खरं आहे. इथे ट्राममध्ये पण लोक तेच बोलत असतात. पण माझी कंपनी गाड्यांचे पार्ट करणारी नाही, मशीन बनवणारी आहे, आणि माझं काम सॅपचं, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचं आहे. जुन्या सॅपचा नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या शेवटी संपतोय, पुढे जादा पैसे भरून २०३० पर्यंत ढकलता येतो, त्यामुळे इथल्या कितीतरी कंपन्या नव्या सिस्टिमवर जायच्या मागे लागल्यात. बाबा, तुमच्या कारखान्यात ऐन गाळपात, उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना वजनकाटा बदलायचा म्हटलं तर कसं होईल, तसं काम आहे हे. ऑर्डरी, पगार, गोडाऊन सगळं चालू ठेवून खालची सिस्टिम बदलायची. पुढची दोन-तीन वर्षं तरी या कामाला मरण नाही.

आणि एआय एआय म्हणून जे चाललंय त्याबद्दल. मी रोज वापरते, अगदी रोज. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला हजार ओळींचा प्रोग्रॅम तो मिनिटभरात समजावून सांगतो, मला पूर्वी दोन दिवस लागायचे, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही मी. पण एका ठरावीक गिऱ्हाइकाला बिल वेगळ्या पद्धतीने का जातं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते आमच्या ऑफिसातल्या रिटायरमेंटला आलेल्या बाईंना माहिती असतं, कारण त्या वेळी त्या गिऱ्हाइकाशी भांडण त्यांनी स्वतः मिटवलेलं असतं. मी त्यांच्याशेजारी बसून हे सगळं लिहून काढते, आणि माझ्या मते खरी नोकरी आता हीच आहे. मामाचा ओंकार वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला आहे ना, त्याला सांगा की नुसतं कोडिंग शिकून भागणार नाही, जोडीला अकाउंट्स शीक, माल खरेदी कसा होतो, गोडाऊन कसं चालतं ते शीक, सुट्टीत एखाद्या कारखान्यात जाऊन बस. मला फ्रेशर पोरांची मनापासून काळजी वाटते, कारण आम्ही ज्या सोप्या कामांवर हात बसवला ती कामं आता मशीनच करतंय, मग या पोरांनी शिकायचं कशावर याचं उत्तर कुठल्याच मॅनेजरकडे नाही.

इथे एक बरं आहे, असली टूल्स आज आणली उद्या लावली असं होत नाही. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, आणि ज्या सॉफ्टवेअरने माणसाच्या कामावर नजर ठेवता येईल असं काहीही बसवायचं तर कायद्याने आधी त्या समितीशी ठरवावं लागतं. २०२६ च्या मार्च ते मे या समित्यांच्या निवडणुका आहेत, मी परदेशी असले तरी मला मत आहे. पुण्यात आमचा माऊस किती वेळ हलला नाही हे मोजायचे, ते आठवलं की या गोष्टीची किंमत कळते.

आता पाकिटांचं सांगते, कारण आई तू परत परत विचारतेस की माझ्या पत्त्यात फ्लॅट नंबर का नाही आणि मी सारखी "पोस्टाची वाट बघतेय" असं का म्हणते. तर इथे फ्लॅटला नंबरच नसतो. बिल्डिंगचा नंबर असतो आणि पुढे नुसती नावं, बेलवर आडनाव, पत्रपेटीवर आडनाव. पेटीवर नाव नसेल तर तुम्ही घरात बसलेल्या असलात तरी पोस्टमन पत्र परत पाठवतो, तुम्ही इथे राहतच नाही असं धरून. त्यामुळे नवीन घरात गेलं की लोक आधी पेटीवर नाव लावतात, मग सामान लावतात. आणि पत्रं म्हणजे वाढदिवसाची नव्हेत. टॅक्सचा अकरा आकडी नंबर पोस्टाने येतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात चार दिवसांनी. आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टाने. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो भरा, हे सांगणारं पत्र तर सगळ्यांत आधी येतं, घर बदललेलं त्यांना कसं कळतं तर महापालिकेत पत्त्याची नोंद करावीच लागते, तिथून. मग ही सगळी पाकिटं फोडायची, पंच करायची आणि जाड फाइलमध्ये वर्षानुसार लावायची. माझ्याकडे आता अशा फाइलींचा एक अख्खा खण झालाय. शेजारच्या डेन्मार्कमध्ये पोस्टाने २०२५ अखेर पत्रं वाटणंच बंद केलं, पण इथे साधं पत्र ९५ सेंटला जातं आणि रोज सगळ्यांच्या पेटीत काही ना काही पडतं. आपल्याकडे मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये आई स्कॅन करून देते आणि इथे माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीत अजून फक्त रोख घेतात. सुरुवातीला मला हे फार मागासलेलं वाटायचं, इतका पुढारलेला देश आणि आमचं आयटीचं काम सोडून सगळं कागदावर.

पण बाबा, ह्या कागदाच्या हट्टाची दुसरी बाजू ऐका, तुमच्या झोपेसाठीच सांगतेय. इथे माणसाला नोकरीवरून काढायचं तर कागदावर शाईची सहीच लागते. ईमेल चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, मोबाइलवरची सही चालत नाही, तसं काढलं तर कायद्याने ते काढणं धरलंच जात नाही. त्याच्याआधी त्या समितीला कारण सांगावं लागतं. पत्र हातात पडल्यावर तीन आठवड्यांत कोर्टात जाता येतं. एका सकाळी लॉगिन बंद आणि विषय संपला, असं तुम्ही अमेरिकेचं वाचता ना, ते इथे होत नाही. मी खोटा धीर देत नाही, खरोखर लोक कमी करायची वेळ आली तर वय, नोकरीची वर्षं, घरी किती जण अवलंबून आहेत हे बघतात, म्हणजे माझ्यासारख्या एकट्या आणि नव्या माणसाचा नंबर आधी लागू शकतो. पण तरी माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, आणि त्यानंतरही हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के बेकारी भत्ता वर्षभर मिळू शकतो. तो काही उपकार नाही, दर महिन्याला माझ्या पगारातून त्याचे पैसे कापले जातात.

आजारी पडलीस तर कोण बघणार, असं आई विचारतेस. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, पुढे विमा बघतो. सुट्टीवर असताना आजारी पडलं आणि डॉक्टरचा दाखला असला तर तेवढे सुट्टीचे दिवस परत मिळतात. दिवसाला दहा तासांच्या वर काम करायला परवानगीच नाही, आणि आज संपलेलं काम आणि उद्या सुरू होणारं काम यात अकरा तासांचं अंतर लागतं. हिंजवडीत असताना अमेरिकेचे कॉल संपवून मी रात्री दीडला घरी यायचे आणि तू सांगलीत बसून जागी राहायचीस, ते आता नाही. मी साडेपाचला घरी असते. थंडी आहे, अंधार लवकर पडतो, पण खोली गरम असते, खरंच.

पैशाचं. बाबा, पगार ऐकून तुम्ही शंभराने गुणता आणि मग एवढे पैसे जातात कुठे असं तुमच्या मनात येतं, बोलत नाही पण येतं. एकटी असल्यामुळे टॅक्स वर्ग एक, शिवाय पेन्शन ९.३ टक्के माझ्याकडून आणि तेवढेच कंपनीकडून, आरोग्य विमा, बेकारी विमा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा, आणि त्यात मूलबाळ नसलेल्यांना थोडं जास्त. हातात साठ टक्क्यांच्या आसपास येतं. त्यातून भाडं. महिन्याचा पास ६३ युरो, पण त्यावर देशभरातल्या सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात. पेन्शन वाया जाईल म्हणून घाबरू नका, भारत आणि जर्मनीत २०१७ पासून करार आहे, हक्कासाठी लागणारी पाच वर्षं मोजताना तिकडची वर्षं पण धरतात. राहिलेल्यातून थोडं इथल्या इंडेक्स फंडात जातं, थोडं माझ्या एनआरई खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठी तिकडच्या बँकेत असतं त्या खात्यात. एनआरईच्या व्याजावर भारतात टॅक्स नाही म्हणून काका म्हणतात सगळं तिथेच टाक, पण मी इथली रहिवासी आहे, ते व्याज मला इथे दाखवून टॅक्स भरावा लागतो. काकांना शांतपणे सांगा, वाद घालू नका.

आता माझी एक विनंती आहे आणि ती तुम्ही ऐकायलाच पाहिजे. पतसंस्थेत ठेवलेली रक्कम काढा. दीड टक्का जास्त मिळतो, चेअरमन ओळखीचे आहेत, मला सगळं पाठ आहे. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. आपल्या जिल्ह्यात किती लोकांची म्हातारपणची पुंजी अशी अडकली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. दोन बँकांत विभागून ठेवा, व्याज कमी आलं तर फरक मी पाठवीन. आणि कुणी व्हिडिओ कॉलवर पोलिस म्हणून बोललं तर सरळ फोन ठेवायचा, डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, मला नंतर. आई, हे फ्रिजवर लिहून लाव.

अजून तीन-चार गोष्टी आहेत, त्या फोनवर सांगायला जमत नव्हत्या.

मी इथल्या कायमच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. जर्मनची बी-वन परीक्षा पास झाले, ती झालेली असली की ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे माझ्यासारख्या शिकलेल्या परदेशी नोकरदारांना, त्या कार्डावर २१ महिने नोकरी झाल्यावर अर्ज करता येतो. पासपोर्ट भारताचाच राहतो. बाबा, "म्हणजे तू आता येत नाहीस" असं लगेच म्हणू नका. हा परवाना असला की माझं इथे राहणं एका नोकरीवर टांगलेलं राहत नाही, एवढ्याचसाठी केलंय. यायचं तेव्हा येईन. कधी ते आज सांगता येत नाही मला, आणि खोटी तारीख देणं मला पटत नाही.

घराच्या कर्जाची उरलेली रक्कम पुढच्या आठवड्यात तुमच्या खात्यावर येईल. नको नको म्हणू नका. फ्लोटिंग रेट आहे त्यामुळे आधी फेडायला दंड नाही. फेडल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार त्यांनी द्यायचे, तेव्हा पोचपावती घ्या आणि अभिला बरोबर न्या. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी आले नाही, गो-लाइव्ह होतं, म्हणजे नवी सिस्टिम चालू करायची होती, आणि पैसे पाठवले म्हणून ते भरून निघत नाही हे मला कळतं. रात्री हॉस्पिटलात अभि होता, मी नव्हते. तरी हे पैसे घ्या.

अभिच्या लग्नाला मेमध्ये मी तीन आठवडे येतेय, सुट्टी मंजूर झालीय, लॅपटॉप आणणार नाही. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळ्याला आहे. हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरलाय का ते कळवा, मी देते. वहिनीच्या घरच्यांनी काही मागितलेलं नाही हे ऐकून फार बरं वाटलं, आपणही मानपानाचा विषय काढू नका.

आणि आत्याने आणलेल्या स्थळाबद्दल. बोलले मी त्याच्याशी, दोनदा नीट वेळ काढून बोलले. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, पण लग्नानंतर सहा महिन्यांत मी सगळं सोडून बाणेरला यावं अशी त्याची अट आहे आणि तो स्वतः इकडे यायचा विचारही करणार नाही. मी नाही म्हणाले. आई, मला लग्न करायचं नाही असं अजिबात नाही. तिशी ओलांडली म्हणून नातेवाईक तुला काय काय ऐकवतात तेही मला माहिती आहे, आणि ते तुला एकटीला ऐकावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. आत्याला मीच फोन करणार आहे, तुम्ही तिला काही कळवू नका, माझ्याकडून कळलं तर ती समजून घेईल.

अभि, लग्नाच्या साड्यांचे फोटो पाठव. बाबा, पतसंस्थेचं काम या महिन्यातच करा, रविवारी विचारणार आहे.

तुमची,
मनू

ता. क. येताना काय आणू ते आत्ताच सांगा. आईला गुडघ्याला बांधायचा पट्टा इथून आणायचा असेल तर डॉक्टरांना माप विचारून ठेवा.