मा. कृषिमंत्री यांस खुले पत्र : गोठ्याच्या नकाशावर उत्तर दिशा असू द्या

मा. कृषिमंत्री,
स. न. वि. वि.

मी दुधाची जनावरे सांभाळणारा आणि त्यांच्यापुरता चारा पिकवणारा शेतकरी. पुढच्या वर्षी दुसरा गोठा बांधायचा आहे. पहिला अनुदानातून बांधला होता, छापील नमुना नकाशाबरहुकूम. एक खांब इकडचा तिकडे केला असता तरी हप्ता अडकला असता, म्हणून काहीच बदलले नाही. बांधकामाबद्दल तक्रार नाही. लोखंड मापात आहे, पत्रा जाड आहे. फक्त तो गोठा उत्तर-दक्षिण उभा आहे.

आमचा भाग उष्ण. दुपारी तीननंतर पश्चिमेचे ऊन थेट गव्हाणीत उतरते आणि जनावरे चारा सोडून विरुद्ध बाजूला दाटीने उभी राहतात. लांबी पूर्व-पश्चिम धरली असती तर दिवसाचा बराच वेळ सूर्य आढ्यावरून गेला असता आणि ऊन फक्त अरुंद टोकांना लागले असते. थंड प्रदेशातला शेतकरी कदाचित याच्या उलट मागेल, कारण त्याला ऊन आत हवे असते. परवा तो जुना नकाशा पुन्हा काढून पाहिला. त्यावर उत्तर दिशेचा बाणच नाही.

नंतर वाऱ्याचा विषय. मोठी गाय साधारण एक किलोवॉटच्या हीटरइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते, भरपूर दूध देणारी त्याहूनही जास्त. शिवाय श्वासातली वाफ. ही गरम, दमट हवा वर चढते आणि तिला आढ्याशी वाट मिळाली नाही तर पत्र्याखाली साचते. पहाटे पत्रा गार पडला की थेंब थेंब पाठीवर गळते. यासाठी आढ्यावर लांबीभर फट ठेवतात. ढोबळ हिशेब असा, की गोठ्याच्या दर तीन मीटर रुंदीला पाच सेंटिमीटर फट, म्हणजे बारा मीटर रुंदीला वीस. वळचणीखालूनही तेवढीच हवा आत यायला हवी, नाहीतर वरची फट नुसती शोभेची. मी मागाहून आढ्यावरचा पत्रा उचलून अशी फट केली, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी ‘छत अपूर्ण’ असा शेरा मारला. त्यांचा दोष नाही. त्यांच्या तक्त्यात छताचे चौरस मीटर मोजायचे होते, हवा मोजायची नव्हती.

नव्या गोठ्यासाठी मी वेगळे केले. पावसाळाभर जागेवर खुंट्या मारून पाणी कुठून येते, कुठे थांबते ते पाहिले. मग उघड्या जमिनीवर फक्की टाकून भिंती, दारे, गव्हाण सगळे आखले आणि त्या रेघांमधून ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर फिरवला. पहिल्याच वळणाला ट्रॉलीचे चाक ‘भिंतीवरून’ गेले. कागदावर चार मीटरचे दार प्रशस्त वाटते, पण तिरके आत शिरताना तेच कमी पडते. दुसरी गोष्ट आखल्यावरच दिसली: शेण बाहेर नेण्याची वाट चारा आत आणण्याच्या वाटेला रोज दोनदा कापत होती. फक्की झाडून रेघ हलवायला दहा मिनिटे लागली. काँक्रीट झाले असते तर ती वाट पुढची तीस वर्षे तशीच राहिली असती.

जनावराच्या नजरेने वाट पाहावी, हे टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन प्राणी-शास्त्रज्ञ बाईंनी सगळ्यांना शिकवले. त्या स्वतः गुरांच्या अरुंद वाटांमध्ये उतरून पाहायच्या. जमिनीवरची काळी सावली, मोरीची जाळी, लोंबकळणारी साखळी, एवढ्याशा गोष्टीवर गाय थबकते आणि आपण तिला हट्टी म्हणतो. आमच्याकडे मोरी नेमकी दारातच आहे. रोज सकाळी तिथे आरडाओरडा.

साहेब, दोन गोष्टींत मात्र मला मोकळीक नको, उलट तुमचा नियम अधिक कडक हवा. एक म्हणजे चारा. नमुन्यात जनावरांच्या डोक्यावर माळा दाखवलेला आहे. सुमारे वीस टक्क्यांहून जास्त ओल राहिलेला चारा दाबून रचला की सूक्ष्मजीवांमुळे आतून तापतो आणि उष्णता वाढत गेली तर काडी न लावता पेटतो. त्याची जागा गोठ्यापासून दूर, वेगळ्या छपराखाली. दुसरी शेणाची बंद टाकी. टाकी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते. आत उतरलेला माणूस पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. गोठ्याच्या जमिनीखाली टाकी दाखवणारा नकाशा मंजूरच होऊ नये.

छपराच्या मजबुतीतही सूट नको. बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये वारा शिरून पत्रा खालून ढकलतो आणि वरून ओढतो, म्हणून पाया आणि बोल्ट अभियंत्यानेच ठरवावेत. पन्हळीचे पाणी मात्र विसरू नका. तीनशे चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की तीन हजार लिटर होते आणि पन्हळ नसेल तर ते सगळे शेणात.

माझी मागणी तशी छोटी आहे. अनुदानातला थोडा भाग बांधकामाआधीच्या आखणीसाठी द्या, आणि त्यात जाणकार माणसाने एकदा भर दुपारी व एकदा भर पावसात जागेवर यावे. दिशा, उंची, फटी आणि दारे जागेप्रमाणे बदलण्याची परवानगी अर्जातच असावी. मागाहून शेरा नको.

आमच्या शेतात फक्की अजून आहे, दोन पावसांत पुसट झाली म्हणून पुन्हा टाकली. पुढच्या महिन्यात अर्ज करतो आहे. सोबत हाताने काढलेला नकाशा असेल, उत्तरेच्या बाणासह. छापील नमुना जोडलेला नाही म्हणून तो परत येऊ नये, एवढे पाहा.

आपला,
एक पशुपालक शेतकरी