हयातीच्या दाखल्याचा तो मेल

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

बाबा, पेन्शन थांबवण्याची धमकी देणारा तो मेल खोटा आहे. लिंक दाबण्याआधी फोन केलात हे फार बरं केलंत.

तुमची सगळी नोकरी झेडपीत गेली. वरून कागद आला की मुदतीत उत्तर गेलंच पाहिजे! हे चोर नेमका त्याच सवयीचा फायदा घेतात. म्हणून तर राजमुद्रा, जावक क्रमांक, चोवीस तासांची मुदत, आणि तेही हयातीचा दाखला द्यायच्या नोव्हेंबरातच. पूर्वी असल्या मेलमध्ये ढीगभर चुका असायच्या. आता तुमच्यासारख्या हेडमास्तरांनाही लाल पेन उचलायला जागा नसते.

त्यामुळे मजकूर सोडा, पत्ता बघा. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं की खाली मेलचा पत्ता दिसतो. नाव काय, कुणीही काहीही लावतं. बाहेरची चादर 'सोलापुरी' लेबलावर खपतेच की. पत्ता शेवटाकडून वाचा. सरकारी असेल तर शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' येतं. मध्येच 'गव्ह डॉट इन' घुसवून शेवट 'डॉट कॉम' केलेला असेल, तर तो चोराचाच. बँकांच्या वेबसाइटना रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून 'बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिलाय. अर्थात पाठवणाऱ्याचा पत्ताही हुबेहूब नकली करता येतो. म्हणून पत्ता बरोबर दिसला तरी लिंक दाबायची नाही. काम खरं असेल तर ते आसरा चौकातल्या शाखेत जाऊनही होतंच.

आई, तुझं व्हॉट्सअ‍ॅप. लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' लिहिलेली फाइल आली तर उघडू नकोस, अगदी वन्संच्या नंबरवरून आली तरी. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते फोनमध्ये बसलं की तुझे ओटीपी चोराला वाचता येतात.

आणि कधी पैसे गेलेच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मला. चोर रक्कम लगेच पुढच्या खात्यांत फिरवतात. तक्रार लवकर गेली तर ती रक्कम मध्येच गोठवता येते. शेजारी काय म्हणतील, याचा विचार नंतर.

दाखल्याला जाताना आधार आणि पासबुक न्या, आणि रिक्षानेच जा. गुडघा दुखत असताना स्कूटर काढू नका.

तुमची,
ताई