विमानाचा एक तास, विमानतळापर्यंतचे पाच

संपादक महोदय,

बेळगाव ते मुंबई सरळ रेषेत जेमतेम ४०० किलोमीटर, रस्त्याने पाचशेच्या घरात. विमान तासाभरात पोहोचवते. हा हिशेब बेळगाव शहरातल्यांचा. आम्ही कणकुंबीचे, मलप्रभेच्या उगमाजवळचे. विमानप्रवास सांबऱ्याच्या विमानतळावरून सुरू होतो, पण आमच्यासाठी तिथवर पोहोचणे हेच खरे दिव्य.

गेल्या आषाढात आईला उपचारासाठी मुंबईला न्यायचे होते. दुपारचे विमान म्हणून पहाटेच निघालो. चोर्ला रस्त्यावर झाड आडवे पडलेले. जांबोटीपर्यंतच दोन तास गेले. मग बेळगाव, तिथली गर्दी, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे आणखी दहा किलोमीटरवर सांबरा. पंचावन्न-साठ किलोमीटरला पाच तास! आई सगळा वेळ माझा हात धरून बसली होती.

विमानसेवा वाढावी, जरूर वाढावी. पण विमानांच्या वेळा धरून जांबोटी आणि खानापूरहून सांबऱ्यापर्यंत थेट बस सोडावी, आणि पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेची धोकादायक झाडे, फांद्या उतरवाव्यात, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, कणकुंबी (ता. खानापूर, जि. बेळगाव)