कर्जाचे कारणही तपासा

महोदय,

कर्जबाजारी उमेदवाराला गोपनीय कामापासून सरसकट दूर ठेवावे, ही आपल्या रविवारच्या लेखातील सूचना पटली नाही. अमेरिकेत २०१७ पासून लागू असलेल्या निकषांतही केवळ कर्जाचा आकडा निर्णायक नसतो. नोकरी गेल्याने किंवा आजारपणामुळे कर्ज झाले असेल आणि माणूस प्रामाणिकपणे ते फेडत असेल, तर ती बाब त्याच्या बाजूने धरली जाते. आपल्याकडेही १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतील नियम १७ चा रोख सवयीच्या कर्जबाजारीपणावर आणि दिवाळखोरीवर आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढून हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवणारा दांडिया बाजारातला तरुण आणि सट्ट्यात बुडालेला माणूस यांना एकाच मापाने मोजणे घोर अन्यायाचे आहे. पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या पावत्या मागून पाहिल्याच पाहिजेत.

— एक वाचक, वडोदरा