1912 ची राख अजून उडतेय

प्रिय आई, आप्पा आणि आजी,

आजीला हे मोठ्याने वाचून दाखवा, कारण खरं तर तिच्या प्रश्नासाठीच लिहायला बसलेय. परवा व्हिडिओ कॉलवर तिने माझी गाडी बघितली ना, वर सगळी पांढुरकी धूळ, आणि विचारलं की कसली राख ती, कुठं आग लागलीय का, आणि तेवढ्यात नेट गेलं. आजी, आग नाही लागली. ती राख 1912 साली फुटलेल्या ज्वालामुखीची आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी राख वाऱ्याने उडून समुद्र ओलांडून माझ्या दारात आली.

आमच्या कोडियाक बेटासमोर खाडीपलीकडे अलास्काची मुख्य जमीन आहे, तिथं काटमाई नावाचा डोंगराळ भाग, रस्ता नाही, वस्ती नाही. पाऊस नसला, बर्फ पडलेलं नसलं आणि वायव्येचा जोरदार वारा सुटला की तिथली राख उठते आणि इथपर्यंत येते, हवामानखातं इशारा देतं, लोक मास्क लावतात. मला लॅबमधल्या मैत्रिणीने पहिल्याच वर्षी बजावलेलं की काचेवर राख असली तर वायपर चालवू नकोस, आधी भरपूर पाणी ओत, कारण ही चुलीतली राख नाही, ही काचेचा भुगा आहे. बोटात धरली तर आपल्या रांगोळीसारखी लागते, फक्त जास्त खरखरीत. आणि नुसती उडूनच येते असं नाही, घरामागे बटाटे लावायला खणलं तर वरच्या काळ्या मातीखाली वीतभर फिकट थर लागला, मला वाटलं कोणी वाळू टाकलीय, तर शेजारच्या आजीबाई म्हणाल्या हाच तो काटमाईचा थर, बेटावर कुठंही खण, हा सापडणार.

तर झालं असं. 1 जूनपासून तिकडे भूकंप सुरू झाले. काटमाई गावात अल्युटिक म्हणजे तिथले मूळ रहिवासी राहायचे, पण मासेमारीचा सीझन म्हणून बहुतेक जण काफ्लिया बे नावाच्या खाडीवर गेलेले, आणि गावात उरलेली शेवटची दोन कुटुंबं 4 जूनला होडीत बसून निघाली. 6 जूनच्या दुपारी डोंगर फुटला. जवळजवळ साठ तास चाललं ते. आवाज अलास्काच्या राजधानीपर्यंत, जुनोपर्यंत ऐकू गेला, बाराशे किलोमीटर, म्हणजे मुंबईत फुटावं आणि दिल्लीला ऐकू यावं, तोही तासाभराने. तेरा घन किलोमीटरच्या वर शिलारस बाहेर पडला, विसाव्या शतकातला हा जगातला सगळ्यात मोठा उद्रेक, आणि मी तर इथं येईपर्यंत याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

इथं कोडियाकला, दीडशे किलोमीटरहून लांब, भर जूनमध्ये काळोख झाला. उन्हाळ्यात इथं रात्रीसुद्धा नीट अंधार होत नाही, आणि त्या तीन दिवसांत हातात धरलेला कंदील दिसत नव्हता म्हणतात. छपरं राखेच्या वजनाने खाली आली, रेडिओ स्टेशनवर वीज पडून ते जळालं, म्हणजे बाहेर कळवायचंही बंद. मॅनिंग नावाचं सरकारी जहाज नशिबाने धक्क्यावर होतं, शेकडो माणसं त्यावर कोंबून बसली.

पण मला खरं सांगायचंय ते काफ्लिया बे मधल्या लोकांचं. ते डोंगराच्या किती जवळ, जेमतेम पन्नास किलोमीटर! तिथून इव्हान ऑर्लोफ नावाच्या माणसाने 9 जूनला बायकोला, तान्याला, पत्र लिहिलं. ते पत्र टिकलंय. मी ते वाचलं त्या रात्री झोप नाही लागली. तो लिहितो की इथं जवळ एक डोंगर फुटलाय, आम्ही राखेत गाडले गेलोय, कुठं सहा फूट तर कुठं दहा फूट, रात्रंदिवस दिवे लावतो, दिवस आहे की रात्र ते कळत नाही, प्यायला पाणी नाही, नद्या म्हणजे नुसती राख कालवलेलं पाणी, कुठल्याही क्षणी मरण येईल म्हणून बसलोय. आणि मग निरोप घेतो, आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणतो. आई, पाणी नाही, उजेड नाही, आणि त्यात माणूस कागद शोधून बायकोला लिहितोय.

त्याच खाडीवर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा होता, हॅरी कायाकोकोनोक, त्याने म्हातारपणी सगळं सांगितलंय. राख पडायच्या आधीच तिथला एक म्हातारा ओरडून सगळ्यांना कामाला लावत होता की जे भांडं मिळेल त्यात पाणी भरून ठेवा. त्याला कोणी शास्त्र शिकवलं नव्हतं, पण डोंगर काय करतो ते त्याला ठाऊक होतं. शेवटी मॅनिंग जहाज तिकडं गेलं आणि सगळ्यांना घेऊन आलं. इव्हानसुद्धा वाचला.

आजी तू हेच विचारणार, माहितीय मला, किती माणसं गेली. उद्रेकात थेट कोणी गेलं नाही. पण म्हणूनच याचा कुठं उल्लेख येत नाही असं मला वाटतं, आणि ते मला पटत नाही. काटमाई गाव परत वसलं नाही. त्या लोकांना खाली लांब किनाऱ्यावर नवीन जागा दिली, मॅनिंगच्या कॅप्टन पेरीच्या नावाने तिला पेरीव्हिल म्हणतात. आतल्या बाजूला साव्होनोस्की म्हणून गाव होतं, तिथला मुखिया पुढं काही वर्षांनी सांगत होता की आता तिथं कधीच राहायला जाता येणार नाही, सगळी राख झालीय. माणसं जिवंत राहिली पण गाव गेलं, हे कोणत्या आकड्यात धरायचं?

आप्पा, तुमच्यासाठी मासळीचं. राखेने ओढे बुजले, सामन माशांना अंडी घालायला जागा राहिली नाही, आणि फटका लगेच नाही तर तीन-चार वर्षांनी बसला, 1915 ते 1919 या काळात मासळीचे फार हाल झाले, कारण ती पिढीच जन्मली नव्हती. आणि शास्त्रज्ञांनी मॉडेलवर करून बघितलंय की इतक्या उत्तरेला मोठा उद्रेक झाला तर आपल्याकडचा पाऊससुद्धा ढिला पडू शकतो.

आणखी एक, कित्येक वर्षं सगळ्यांना वाटायचं माउंट काटमाईच फुटला, कारण त्याचा माथाच खचून गेलेला. 1950 च्या दशकात लक्षात आलं की फुटलं दहा किलोमीटर पलीकडे, नोव्हारुप्ता इथं, आणि शिलारस जमिनीखालून तिकडं वाहून गेल्याने काटमाई आतून पोकळ होऊन बसला. रॉबर्ट ग्रिग्ज नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ 1916 ला खिंडीवर चढला तर समोर अख्खी दरी वाफा सोडत होती, म्हणून नाव पडलं दहा हजार धुरांची दरी, पुढच्या खेपेला त्याच्या लोकांनी त्या वाफांवर जेवण शिजवलं. आता त्या वाफा निवल्यात. पण 1915 ला ग्रिग्ज कोडियाकला आला तेव्हा राखेतून इतकं हिरवं गवत वर आलेलं की त्याचाच विश्वास बसेना. माझे बटाटेही चांगले आलेत.

फराळाचं पार्सल मिळालं, करंज्या मोडल्यात पण चव तीच. खिडकीच्या फटीत ओला टॉवेल लावून ठेवलाय, उद्यापासून पाऊस सांगितलाय म्हणजे राख बसेल. रविवारी फोन करते, नेट चाललं तर आजीला राखेचा तो थर खड्ड्यात कॅमेरा धरून दाखवते.

तुमची,
मनू